बंदुकीच्या दुकानातला सल्ला कितपत मानावा?

नेमबाजी आणि शस्त्रपरवाना या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच तक्रारीची आहेत. दुकानात विक्रेत्याने एक सांगितले आणि रेंजवर, पोलीस आयुक्तालयात किंवा घरातल्या जाणत्या माणसाकडून नेमके उलटे ऐकायला मिळाले, मग विश्वास कोणावर ठेवायचा? त्यांतली चार पत्रे संक्षेपाने देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची मुलगी आठवीत आहे. सुट्टीतल्या शिबिरात तिला एअर रायफल नेमबाजीची गोडी लागली, म्हणून आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने नळी मोडून भरायची एक एअरगन दाखवली. तिच्यावर दुर्बीण बसवलेली होती. "छर्रा सेकंदाला हजार फूट जातो, जितका वेग तितका नेम पक्का, स्पर्धेलाही हीच चालते, पॅरिस ऑलिंपिकला पदक आले ते याच खेळात," असे त्याने सांगितले. दर आठवड्याला नळीत तेलाचे चार थेंब सोडा, असाही सल्ला दिला. आम्ही कचरतो आहोत असे पाहून त्याने एक जुनी परदेशी पीसीपी रायफल, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, पुढे केली. तिचे सिलिंडर कुठेही भरून मिळते, अडचण आली तर वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजनही चालतो, असे तो म्हणाला. मुलीचे प्रशिक्षक मात्र इतक्यात काहीच घेऊ नका म्हणतात. आम्ही काय करावे?
— एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : प्रशिक्षकांचे ऐकावे. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलले पाहिजे, कारण ते जिवावर बेतणारे आहे. पीसीपी रायफलीच्या सिलिंडरमध्ये 200 किंवा 300 बार दाबाची कोरडी, स्वच्छ हवा भरायची असते. तिथे ऑक्सिजन कधीही, कोणत्याही अडचणीत भरू नये. एवढ्या दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनचा तेलाच्या किंवा ग्रीसच्या अंशाशी संबंध आला तर भडका उडून स्फोट होतो आणि अशा स्फोटांत माणसे जखमी झाली आहेत. हा सल्ला देणारा विक्रेता इतर बाबतीत कितीही जाणकार वाटला, तरी त्याच्याकडून हवेच्या दाबाची कोणतीही वस्तू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वेगाविषयी. भारतात 4.5 मिलिमीटर म्हणजे 0.177 इंचापर्यंत बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवाना लागतो. नेहमीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरोखरच सेकंदाला हजार फूट, म्हणजे सुमारे 305 मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा 23 ज्यूलच्या वर जाते. याचा अर्थ विक्रेत्याचे म्हणणे खरे असेल तर तो तुम्हाला परवान्याविना परवान्याची वस्तू विकत आहे, आणि तसे नसेल तर तो आकडा अतिशय हलका छर्रा घालून मिळवलेला किंवा नुसताच खोक्यावर छापलेला आहे. दहा मीटरच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या उत्तमोत्तम रायफली छर्रा सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर वेगाने सोडतात आणि त्यांची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास राहते. तरीही त्याच रायफलींनी अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळाचा वेध घेतला जातो. नेम पक्का होतो तो प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने सुटल्यामुळे, नळी आणि छर्रा यांचे माप जुळल्यामुळे आणि ट्रिगर स्वच्छ सुटल्यामुळे. जास्त वेगाच्या स्प्रिंगच्या बंदुकीत उलट झटका वाढतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच हात हलतो.

स्पर्धेत "हीच चालते" हे विधानही तपासून पाहावे. आंतरराष्ट्रीय नियमांच्या दहा मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बिणीला परवानगी नाही. शालेय स्पर्धांत ओपन साइट (खाचेतून नेम धरायची) आणि पीप साइट (बारीक भोकातून पाहून नेम धरायची) असे वेगळे गट असतात, तेव्हा मुलगी कोणत्या गटात उतरणार हे ठरल्याखेरीज बंदूक ठरवताच येत नाही. पॅरिसच्या पदकाचा उल्लेख तर पूर्णपणे गैरलागू आहे. स्वप्नील कुसाळे यांनी ऑगस्ट 2024 मध्ये मिळवलेले कांस्यपदक 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारातले आहे. त्यात 0.22 बोअरची, काडतुसाची रायफल वापरली जाते आणि गुडघ्यावर बसून, पालथे झोपून व उभे राहून असे तिन्ही तऱ्हेने नेम धरावा लागतो. त्या पदकाचा आणि तुम्हाला दाखवलेल्या एअरगनचा काही संबंध नाही. एका मेहनती खेळाडूच्या नावाने अशी विक्री झालेली पाहून मनाला लागते, म्हणून हे इतक्या सविस्तर लिहिले.

तेलाचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो स्प्रिंगच्या एअरगनचे आयुष्य कमी करणारा आहे. पिस्टन पुढे येताना हवा दाबली जाऊन क्षणभर अतिशय तापते. त्या जागी खनिज तेल पोचले असेल तर ते पेट घेते, ठो असा मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो आणि वेग अचानक वाढतो. गिऱ्हाईक खूश होते, पण आत पिस्टनचे सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होत असतात. स्प्रिंगची बंदूक छर्रा न घालता चालवून दाखवणे हाही दुकानांतला नेहमीचा प्रकार आहे. नळीत छर्रा नसल्यामुळे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आदळतो. विक्रेता दर गिऱ्हाइकासमोर नळी मोडतो, मिटवतो आणि ट्रिगर ओढतो, आणि काउंटरवर दिवसभर असे ठोके खाल्लेली तीच बंदूक शेवटी कोणीतरी नवी म्हणून घरी नेतो. दुकानात असे होताना दिसले तर बंद खोक्यातली बंदूक मागावी.

जुनी पीसीपी रायफल घेणे हे मुळात वाईट नाही, कारण नव्या परदेशी रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. परंतु सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे सिलिंडर जास्तीत जास्त दहा वर्षे वापरता येते आणि ते मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. 2016 चा शिक्का असलेले सिलिंडर 2026 मध्ये बाद होते. मग नवे सिलिंडर घ्यावे लागते आणि स्वस्त मिळालेली रायफल तितकीशी स्वस्त राहत नाही. विक्रेता "अजून उत्तम भरते" असे म्हणेल, आणि ते खरेही असेल, पण पंचांना त्याच्याशी कर्तव्य नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या विक्रेत्याने तुमच्या मुलीला उभे राहून नेम धरताना पाहिलेले नाही. उभ्या पवित्र्यात डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकते की नाही, गाल दस्त्यावर ठेवल्यावर डोळा आपसूक साइटच्या रेषेत येतो की मान वाकवावी लागते, दस्त्याची लांबी तिच्या हाताला पुरते की जास्त होते, या गोष्टी काउंटरवर कळत नाहीत. नियमाप्रमाणे रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, आणि वाढत्या वयाच्या मुलीने एवढे वजन किती वेळ पेलावे हा प्रश्न प्रशिक्षकाचा आहे. तिचा कोणता डोळा प्रबळ आहे हे आधी घरीच पाहा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये लहानसे भोक ठेवावे, त्यातून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच दिसत राहते तो प्रबळ. मुलगी उजव्या हाताची आणि डावा डोळा प्रबळ, असे निघाले तर रायफल डाव्या खांद्याची घ्यायची की नाही याचा निर्णय हजारो रुपये खर्च होण्याआधी होईल.

विक्रेत्याला विचारण्यासारखे प्रश्न आहेत, ते जरूर विचारा: कोणता माल शिल्लक आहे, सुटे सील आणि स्प्रिंग मिळतात का, दुरुस्ती कोण करतो, बिल आणि हमी लेखी मिळेल का. या बाबतीत दुकानातल्या मुलांना पुष्कळ माहिती असते. बाकीचे रेंजवर विचारा. बालेवाडीच्या क्रीडा संकुलातल्या रेंजवर आणि शहरातल्या इतर केंद्रांवर नवशिक्यांना केंद्राच्याच रायफलीवर सराव करता येतो. तिथे वेगवेगळ्या रायफली हाताळून झाल्यावर, स्वतःची रायफल घ्यायची तेव्हा प्रशिक्षकांना सोबत घेऊन जावे. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलीने जेवणाच्या डब्याला हात लावू नये. हे कोणत्याही दुकानात सांगितलेले मी ऐकलेले नाही.

प्रश्न : परवाना लागत नाही, त्यामुळे एअरगन सोसायटीच्या गच्चीवर चालवायला हरकत नाही, असे विक्रेत्याने सांगितले. लाकडी फळीवर कागद लावून सराव करतो. शेजारी तक्रार करतात. त्यांची तक्रार योग्य आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : योग्य आहे. परवाना लागत नाही एवढ्यावरून कुठेही चालवता येते असे होत नाही. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असे बेदरकार कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 प्रमाणे गुन्हा आहे, मग हातातली वस्तू परवान्याची असो वा नसो. फळीच्या कडेवरून सुटलेला छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो, आणि कोथरूडमध्ये तेवढ्या अंतरात किती खिडक्या आणि किती गॅलऱ्या येतात हे तुम्हाला गच्चीवरून दिसतच असेल. कठीण फळीवरून किंवा लोखंडी पत्र्यावरून छर्रा उलटूनही येतो आणि डोळ्याला इजा करतो. गच्चीवरचा सराव आजच बंद करावा.

प्रश्न : माझा स्वतःचा व्यवसाय आहे आणि रात्री रोकड घेऊन घरी यावे लागते, म्हणून रिव्हॉल्व्हर घेण्याचा विचार आहे. दुकानात मला एक हलके, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर दाखवून "हे खास लेडीज आहे, पर्समध्ये मावते, झटका लागत नाही" असे सांगितले. आत्ता आगाऊ रक्कम भरून ठेवा, पुण्याच्या आयुक्तालयातून परवाना आमचा माणूस काढून देईल, असेही म्हणाले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : परवाना हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. परवाना देणे न देणे हे सर्वस्वी परवाना अधिकाऱ्याच्या हाती असते, पोलीस पडताळणी व्हावी लागते, आणि अर्ज नाकारला गेल्यावर आगाऊ रक्कम परत मागण्यासाठी दुकानाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्याच्या तक्रारी या सदराकडे येतात. "आमचा माणूस" या शब्दांपासून तर दूरच राहावे. त्या माणसाने अर्जात काय लिहिले याची जबाबदारी सही करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते.

शिवाय पत्ताच चुकीचा सांगितला आहे. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 पासून सुरू झाले आणि वाकड त्याच्या हद्दीत येते. तुमचा अर्ज तिथे जाईल. ग्रामीण हद्दीतल्या वाचकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. अर्ज नमुना ए-1 मध्ये करायचा असतो आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेणे 2016 च्या नियमांनी आवश्यक केले आहे. शस्त्र अधिनियमाच्या डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

शस्त्राविषयी दिलेला सल्लाही उफराटा आहे. काडतूस तेच असताना शस्त्र जितके हलके तितका हाताला बसणारा झटका जास्त, आणि नळी जितकी आखूड तितके पुढच्या व मागच्या साइटमधले अंतर कमी, त्यामुळे नेमातली बारीक चूक मोठी होते. आपल्याकडे 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्यातून 0.32 बोअरचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे एक रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आले आणि तेव्हापासून "लेडीज" हा शब्द विक्रीत रुळला. वजन कमी म्हणजे हाताळायला सोपे, हा समज मात्र त्यामुळे खरा ठरत नाही. तुमच्या तळव्याला मूठ भरून बसते का, तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज पोचते का आणि डबल ॲक्शनमध्ये (घोडा हाताने न चढवता, नुसता ट्रिगर ओढून बार उडवताना) ट्रिगर ओढताना नळी खाली झुकते का, हे प्रशिक्षकासमोर पाहिल्यावरच निवड करावी. पर्समध्ये किल्ल्या, मोबाइल आणि कंगव्याबरोबर सुटे ठेवलेले भरलेले रिव्हॉल्व्हर गरजेच्या वेळी हाताला लागत नाही, आणि नको त्या वेळी दुसऱ्याच्या हाती लागते. घरात मूल असेल तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे.

शेवटी, विचारलेले नसले तरी सांगतो. रोज रात्री रोकड नेण्याची वेळच येऊ नये यासाठी बँकेत भरणा करण्याची वेळ बदलणे, डिजिटल व्यवहार वाढवणे, जाण्यायेण्याचा रस्ता आणि वेळ ठराविक न ठेवणे, या गोष्टी आधी करून पाहाव्यात. दुकानातला माणूस हे सांगणार नाही, कारण त्यात त्याची विक्री नाही.

प्रश्न : वडिलांच्या नावावर परवान्याची जुनी बारा बोअरची दुनळी बंदूक होती. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. एका दुकानातल्या विक्रेत्याने सांगितले की परवान्याची मुदत शिल्लक आहे तोपर्यंत बंदूक घरी राहू द्या, उरलेली काडतुसे शेतावर जाऊन संपवून टाका, आणि बंदूक भंगारात गेल्यातच जमा असल्याने नंतर आम्हीच घेऊ. काडतुसांची पेटी नंतर घेतलेली आहे, पण बारा बोअर म्हणजे बारा बोअर, कोणतेही चालते, असे तो म्हणाला.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : वडिलांच्या जाण्याबद्दल मनापासून सहानुभूती. अशा दिवसांत माणूस समोरचा सांगेल ते ऐकतो, आणि म्हणूनच हा सल्ला जास्त खटकतो.

परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. त्यावर छापलेली मुदत शिल्लक असली, तरी वडिलांच्या पश्चात त्या परवान्यावर तुम्हाला बंदूक ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे अशी बंदूक आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. दोन महिने उलटले आहेत, तेव्हा मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन पोलीस ठाण्यात आधी चौकशी करावी आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे बंदूक न्यावी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बनावट आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. दुकानात जमा केली तरी तीच काळजी घ्यावी. "वहीत नोंद केली आहे" एवढ्या तोंडी आश्वासनावर बंदूक ठेवून येऊ नये.

त्यानंतर ती ठेवायची असेल तर कायदेशीर वारस म्हणून तुम्हाला अर्ज करता येतो. 2016 च्या नियमांतला नियम 25 याच कामासाठी आहे. बहीण-भावांची लेखी संमती आधी घेऊन ठेवली तर काम अडत नाही. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रे असतील तर मात्र 2019 च्या दुरुस्तीमुळे वारसाहक्कानेही तिसरे ठेवता येणार नाही. नियम 25 मध्येच एक तरतूद आहे जी वयस्कर परवानाधारक वाचकांनी लक्षात घ्यावी: वयाची 70 वर्षे पूर्ण झाली किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. घरच्यांवर ऐन दुःखाच्या काळात ही धावपळ येऊ नये असे ज्यांना वाटते त्यांनी याचा उपयोग करावा.

बंदूक विकायची ठरली तर, जो तिला भंगार म्हणतो आणि विकतही घेऊ पाहतो त्याच्या शब्दावर किंमत ठरवू नये. दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडून आणि शक्य तर तोफा-बंदुकांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडूनही मत घ्यावे.

काडतुसांबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे. बारा बोअर हे नळीच्या व्यासाचे माप झाले, काडतुसाच्या लांबीचे नव्हे. जुन्या दुनळी बंदुकांचे घर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, अनेकदा 65 मिलिमीटरचे, म्हणजे अडीच इंचाचे असते आणि आजची पुष्कळ काडतुसे 70 मिलिमीटरची असतात. ही लांबी उडालेल्या, तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्याने 70 चे काडतूस 65 च्या घरात निमूट बसते, बंदूकही मिटते, आणि सारे ठीक आहे असे वाटते. बार उडाल्यावर ते तोंड उलगडायला पुढे जागा नसते, नळी निमुळती होते तिथेच ते अडते आणि आतला दाब बेसुमार वाढतो. बंदूक मोडून नळ्या काढल्या की त्यांच्या तळाशी, सपाट भागावर घराची लांबी कोरलेली सापडते. जाणत्या कारागिराकडून ती वाचून घ्यावी. नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसत असेल तर त्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या पद्धतीच्या नळ्या असण्याची शक्यता आहे, आणि त्यांतून आजच्या धूरविरहित दारूची काडतुसे उडवू नयेत.

शेतावर जाऊन काडतुसे संपवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. परवाना नसताना ती तुमच्याजवळ असणे हाच गुन्हा आहे, आणि लांबी न तपासता ती उडवणे तुमच्या हातांना आणि डोळ्यांना धोक्याचे आहे. पेटी उघडीच असेल तर मोजून, जशीच्या तशी बंदुकीबरोबर जमा करा.